पिवळ्या टोपणाची बाटली

पिशवीतून चौथी बाटली बाहेर आली आणि तिचंही टोपण पिवळं नव्हतं, तेव्हा एकनाथनं पिशवी उलटी करून झटकली. विमानतळाची चिकटपट्टी पडली, चॉकलेटचा एक चुरगळलेला कागद पडला. बाटली पडली नाही. ओट्यावर चारही बाटल्या ओळीनं उभ्या राहिल्या. एक पोर्तुगालची, एक हंगेरीची, एक बेल्जियमची, एक हॉलंडची. देशांची नावं त्यानं लेबलांवर वाचली. बारीक अक्षरांतलं लेबल वाचणं हा त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा भाग होता. आतल्या खोलीतून अनसूयेनं विचारलं, "आली का?" तो म्हणाला, "आली पिशवी." पिशवी आली होती, ते काही खोटं नव्हतं. पण उत्तर देताना त्याच्या उजव्या तळहाताला खाज सुटली. राग आला की त्याला तिथंच आधी कळायचं. डोक्याला नंतर.

पिशवी आणून देणारी प्रियदर्शनी नुकतीच जिना उतरून गेली होती. ती त्याच्या मुलीची, भार्गवीची, बेल्जियममधली मैत्रीण. भावाच्या लग्नासाठी सोलापूरला आलेली. आज पाण्याचा दिवस होता. नळाला धार होती तोवर पिंप, बादल्या, हंडे, अगदी कुकरचं भांडंसुद्धा भरून घ्यायचं, कारण पुन्हा पाणी कधी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक. एकनाथ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पिंपात पाइप धरून उभा होता आणि ती पोरगी दारात उभी राहून हसत सांगत होती, "काका, हे काकूंसाठी. भार्गवीनं लई शोधलं बरं का. आमच्या तिकडच्या ग्रुपवर मतदानच घेतलं तिनं, त्या अमेरिकन सॉसच्या ऐवजी युरोपातलं कुठलं चांगलं म्हणून. सगळ्यांनी मतं दिली."

"मतं?"

"हो की. हंगेरी जिंकली."

त्यानं ओल्या हातानं पिशवी घेतली. चहा घेणार का, असं विचारायला हवं होतं, ते त्यानं विचारलं नाही. त्याला त्या पोरीचा राग नव्हता. ती बिचारी दोन किलो ओझं स्वतःच्या सामानात घालून आली होती. पण पाइपमधून पाणी पिंपात पडत होतं आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती, की अनसूयेच्या तोंडात काय जावं यावर तिकडं मतदान झालं. मत देणाऱ्यांपैकी एकानंही तिला न्हाणीच्या कट्ट्याला धरून ओकताना पाहिलेलं नाही. एकानंही तिचं मनगट धरून पाहिलेलं नाही, बांगडी आता कोपरापर्यंत जाते ते. मतदान झालं आणि हंगेरी जिंकली.

बाटल्या फुटू नयेत म्हणून भार्गवीनं त्या एका जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळल्या होत्या. फिकट निळा, कडेला पांढरी पट्टी. एकनाथनं तो उलगडला आणि न बघताच त्यावरून हात फिरवला. डाव्या कोपऱ्यापासून टीचभर आत बोटं आपोआप थांबली. तिथं लूप उठलेले नव्हते, कापड सपाट होतं. सेकंडचा माल. त्यानंच बाद केलेला, त्यानंच घरी आणलेला. सोलापुरात कुणाच्याही घरी जा, दोरीवर परदेशी दुकानांच्या नावाचे टॉवेल वाळत असतात, आणि प्रत्येकात कुठं तरी एक खोट असते. अमेरिकेतल्या बायकांनी नको म्हटलं नसतं कदाचित, पण एकनाथनं नको म्हटलेलं असायचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पांढऱ्या दिव्यांच्या टेबलापाशी उभा राहून त्यानं तीस वर्षं हेच केलं: टॉवेल पसरायचा, हात फिरवायचा, पास किंवा बाद. भार्गवी असल्या बाद टॉवेलांत पुसली जाऊन मोठी झाली. नोकरीला परदेशी निघाली तेव्हा तो म्हणाला होता, नवा घेऊ, चांगला. ती म्हणाली होती, नको बाबा, मला ह्याची सवय आहे. तेव्हा त्याला त्याचं बरं वाटलं होतं. आता तोच टॉवेल हातात घेऊन त्याला वाटलं, हिनं माझंच बाद केलेलं मला परत पाठवलं.

ती पिवळ्या टोपणाची बाटली या घरात आली ती गेल्याच्या गेल्या दिवाळीत, जावयाबरोबर. दिग्विजय हा माणूस वाईट नव्हता. नातेपुत्याचा, शिकलेला, हसतमुख. पण त्याला कशातही तो लाल सॉस लागायचा. अनसूयेनं त्याच्यासाठी शेंगांची आमटी केली होती. दाणे भाजून, पाट्यावर वाटून, घरच्या काळ्या तिखटाची. तिची आमटी खायला मोडनिंबहून माणसं यायची आणि सोबत बाटली भरून न्यायची. दिग्विजयनं पहिला घास घ्यायच्या आधीच बॅगेतून ती बाटली काढली आणि वाटीत लाल नागमोडी रेघ ओढली. "सवय, आई," तो म्हणाला. "ह्याच्याशिवाय जेवणच जात नाही. अमेरिकेत होतो तेव्हापासून." अनसूया म्हणाली, "खावा की." तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. रात्री भांडी घासताना मात्र तिनं ती वाटी दोनदा घासली. ती मंडळी गेली, बाटली राहिली. अनसूयेनं ती फ्रिजच्या दारात मागं सारून ठेवली, पाहुण्याची विसरलेली वस्तू जशी टाकवत नाही आणि वापरवतही नाही, तशी. दीड वर्ष ती तिथंच होती. तिच्या पुढं औषधाच्या बाटल्या येत गेल्या.

मग किमो सुरू झाली. दुसऱ्या वेळेनंतर तिच्या तोंडाची चव गेली. गेली म्हणजे नुसती गेली नाही, तिच्या जागी दुसरी आली. लोखंड, ती म्हणायची. खिळा चोखल्यासारखं. भात खिळ्यासारखा, दूध खिळ्यासारखं, पाणीसुद्धा. एकनाथनं सगळं करून पाहिलं. चिंचेचं सार केलं. लिंबाचं जुनं लोणचं काढलं. शेजारच्या बजाबाईंनी ठेचा करून दिला, त्या तिखटाच्या धनी, त्यांच्या ठेच्यानं गल्ली खोकायची. अनसूयेनं बोटाला लावून चाखला आणि म्हणाली, "माती हाय, बजाक्का." स्वतःच्या हातानं कांडून आणलेलं काळं तिखट, धणे-खोबरं-दगडफूल निवडून निवडून केलेलं, तेही माती. तिनं त्या डब्याचं झाकण लावलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवायला सांगितला. ते सांगताना ती रडली असती तर एकनाथला काही तरी बोलता आलं असतं. ती रडली नाही.

आणि मग एका दुपारी तो बाजारातून लवकर आला तर ती स्वयंपाकघरात उभी होती. भिंतीला टेकून, ताटली हातात. मऊ भातावर तिनं ती लाल नागमोडी रेघ ओढली होती आणि ती जेवत होती. चमच्यानं, घाईघाईनं, चोरी करावी तशी. तो दारात दिसल्यावर ती क्षणभर थांबली. "ह्याची लागतीया," ती म्हणाली. "आंबट. लसूण लागतोय. मधी कुटं तरी लागतंय." तिच्या नाकावर घाम आला होता. त्या दिवसापासून ती त्या बाटलीवर जगली. ज्वारीच्या कण्यांवर, भातावर, वरणावर दोन थेंब, तीन थेंब. एकनाथनं बाटलीचा हिशेब डोळ्यांनी ठेवला. बाटली अर्ध्यावर आली तेव्हा तो सात रस्त्याच्या मोठ्या दुकानात गेला, नव्या पेठेत गेला. दिसायला तशा बाटल्या होत्या, आत टोमॅटो आणि साखर. ऑनलाइन मागवली. बाटली तीच, टोपण तेच, आत गोडमिट्ट काही तरी. अनसूयेनं एका घासात ओळखलं आणि ताटली सरकवली. ती नकली कुणी भरली असेल ते देवाला ठाऊक. मग त्यानं भार्गवीला फोन केला. तुमच्याकडं मिळते ना, ती पाठव. ती म्हणाली, "बघते बाबा. शोधते." आता जुन्या बाटलीत तळाशी बोटभर उरलं होतं. आणि सोमवारी दवाखान्यात काटा होता. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुढची किमो देता येणार नाही, शरीराला झेपणार नाही. काय द्यायचं ते द्या, पण पोटात जाऊ द्या.

त्यानं ओट्यावरच्या चार बाटल्यांकडं पाहिलं. बेल्जियमची आधीच बाजूला केली. तिच्यावर तलवार घेतलेला जपानी शिपाई होता आणि घटकांत अंडं होतं, अनसूया अंडं खात नाही, हे पोटच्या पोरीला माहीत होतं. उरलेल्या तिन्ही त्यानं चमच्यावर घेऊन चाखल्या. पोर्तुगालची नुसतं तेल आणि जाळ. हंगेरीची खारट, जाड, मिरचीच्या सालीसकट, मतदानात जिंकलेली. हॉलंडची त्यातल्या त्यात बरी, पण लसूण नाही आणि आंबटपणा उशिरा येतो, पाहुणा निघून गेल्यावर चहा यावा तसा. त्याची जीभ भाजली. तळहाताची खाज मनगटापर्यंत आली. त्यानं टॉवेलला हात पुसला आणि भार्गवीला फोन लावला. तिथं सकाळ असणार. वाऱ्याचा आवाज आला, ती रस्त्यात होती.

"पोचलं ना सगळं? फुटलं नाही ना काही?"

"ती बाटली कुठाय?"

"कुठली?"

"मी सांगितलेली."

"बाबा, ती आम्ही घेत नाही आता. अमेरिकन काहीच घेत नाही. इथं सगळेच जण बंद करतायत. मी बोलले होते की तुम्हाला."

"तू म्हणाली होतीस शोधते."

"शोधलंच की. किती दिवस शोधत होते. लोकांना विचारलं, दुकानं फिरले. एकास एक पर्याय आहेत ते."

"मी पर्याय मागितला नव्हता, भार्गवी. बाटली मागितली होती."

"बाबा, तुम्हीच असं म्हणावं?" तिचा आवाज चढला. "तुमच्या कारखान्याचं काय केलं त्यांनी? सिद्धलिंगप्पाकाका घरी बसले, तुम्ही घरी बसलात. आम्ही इथं कुणासाठी करतोय हे? मला राग येत नाही का? मी रोज दुकानात लेबल उलटून बघते, कुठला माल आहे ते. तुम्हीच शिकवलंत."

"कारखाना माजा न्हाय," एकनाथ म्हणाला. राग फार झाला की त्याच्या तोंडी गावाकडचं मोडनिंब यायचं. एरवी तो शहरातलं नीट बोलायचा. "आन् बाटली माज्यासाठी न्हाय. तुजी आई जेवंना."

मागून दिग्विजयचा आवाज आला, तो बरोबरच चालत होता बहुतेक. "बाबा, ती हंगेरीची द्या आईंना. एकदम क्लोज आहे."

एकनाथनं फोन ठेवला. क्लोज. हा शब्द त्यानं आयुष्यात फार ऐकला होता. डाइंगवाले कापडाचा तुकडा घेऊन यायचे, खरेदीदारानं पाठवलेल्या नमुन्याशेजारी धरायचे आणि म्हणायचे, एकनाथराव, शेड क्लोज आहे. आणि तो म्हणायचा, क्लोज म्हणजे नापास. जुळलं तर जुळलं म्हणा. कापड परत जायचं, डाइंगवाले शिव्या देत जायचे. त्याला त्या शिव्यांचा अभिमान होता.

तो त्या अभिमानानिशी घरी येऊन बसला होता. पावसाळ्याच्या शेवटी अमेरिकेनं शुल्क वाढवलं आणि तयार झालेला एक अख्खा कंटेनर गेटच्या आत अडकला. उत्तम माल. त्यानं स्वतः हात फिरवून पास केलेला, एकही लूप इकडचा तिकडं नाही. खरेदीदारानं एका ओळीत कळवलं, नको. मग मालक खाली आले आणि म्हणाले, त्यांचं नाव आहे म्हणून बाजारात असाच विकता येणार नाही, लेबलं कापा. चेकिंगच्या सगळ्या माणसांना बारक्या कात्र्या दिल्या. सिद्धलिंगप्पा त्याच्याशेजारी बसला होता, कटाईतला जुना माणूस, कन्नडमध्ये काही तरी पुटपुटत होता. चांगल्या टॉवेलची लेबलं कापायची, कापली की तो सेकंड. टॉवेल तोच, सूत तेच, वीण तीच. एकनाथनं आयुष्यभर खोट शोधली होती आणि त्या दिवसांत तो चांगल्या मालाला खोट लावत बसला. विजापूर वेशीपाशी हातगाडीवर तो माल किलोवर गेला. शेवटचं लेबल कापल्यावर मालक म्हणाले, बोलावू तेव्हा या. ती कात्री चुकून त्याच्या खिशातून घरी आली. आज पिशवीची चिकटपट्टी त्यानं तिनंच कापली होती. आणि तिकडं बेल्जियममध्ये, गेंटला बसून ही पोरगी म्हणते, मला राग येतो. येऊ दे. तिचा राग दुकानात जातो, एक बाटली फळीवर परत ठेवतो, शेजारची उचलतो आणि रात्री निवांत जेवतो. त्याच्या रागाला कुठलं दुकान होतं? अमेरिकेचा राग त्याच्याइतका या गल्लीत कुणाला नव्हता. आणि या गल्लीत तो एकटाच असा होता की ज्याला त्या अमेरिकेची एक बाटली हवी होती, कुठल्याही किमतीला, हात पसरून. हे कुणाला सांगायचं? ज्याच्यावर थुंकावंसं वाटतं त्याच्याच दारात उभं राहायचं आणि वर आपलीच लेक दार लावून म्हणणार, बाबा, तुमच्यासाठीच लावलंय.

"आवं," अनसूया आतून म्हणाली. "किती येळ. पाणी गेलं का?"

"गेलं."

"मग काय करताय तितं?"

"कण्या टाकतोय."

त्यानं खरंच कण्या टाकल्या. ज्वारी शिजताना जो वास येतो तो घरभर पसरला, ओलसर, जुन्या पावसासारखा; अनसूयेला तो वासही आता येत नसे. पातेलं ढवळता ढवळता त्यानं फ्रिज उघडला आणि पिवळ्या टोपणाची बाटली काढली. तळाशी बोटभर लाल. आतून कडेला सुकलेल्या रेघा. त्यानं हॉलंडची बाटली तिच्याशेजारी धरली, उजेडात, नमुन्याशेजारी कापड धरावं तशी. रंग जुळत नव्हता. पोर्तुगालचं थोडं घातलं तर जुळला असता. एकनाथला आपण काय करतोय ते कळत होतं आणि हात थांबत नव्हते. कारखान्यात असं करणाऱ्यांना त्यानं पकडलं होतं; एका ऑर्डरचा माल कमी पडला की दुसऱ्या ऑर्डरचा तिच्या लेबलाखाली सरकवायचा. वरचे चार टॉवेल खरे ठेवायचे. तो नेहमी मधल्या थरात हात घालायचा. त्यानं वाटीत हॉलंडचं घेतलं, पोर्तुगालचं चमचाभर, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून, लिंबू पिळून, फडक्यातून गाळलं. चाखलं. पुन्हा लिंबू. क्लोज. मग ते सगळं त्यानं पिवळ्या टोपणाच्या बाटलीत ओतलं आणि बाटली हलवली.

हलवताना त्याचा हात थबकला. तळाशी जे बोटभर होतं, खरं, तेही आत मिसळलं गेलं होतं. आजच्या जेवणापुरतं, उद्याच्या जेवणापुरतं तरी जे होतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं घालवलं. तीस वर्षांत एवढी साधी चूक त्यानं कधी केली नव्हती. नमुना नेहमी वेगळा ठेवायचा, हे तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचा. आता परत जुळवायलाही काही उरलं नव्हतं. त्यानं बाटली ओट्यावर आपटली नाही. हळूच ठेवली. तळहात पेटल्यासारखा झाला होता.

संध्याकाळी त्यानं तिला उशांना टेकवून बसवलं. पुढ्यात स्टूल, स्टुलावर ताटली, ताटलीत ताक घातलेल्या कण्या, शेजारी बाटली. तिनं बाटलीकडं पाहिलं. "भरली की," ती म्हणाली आणि हसली. इतक्या दिवसांनी हसली. "पोरीनं पाठवली." त्यानं मान हलवली. मान हलवणं हेही खोटंच, पण बोलण्यापेक्षा बारीक. त्यानं टोपण उघडून कण्यांवर लाल रेघ ओढली, जावई ओढायचा तशी नागमोडी. अनसूयेनं एक घास घेतला. थांबली. जिभेनं तोंडात काही तरी शोधल्यासारखं केलं. दुसरा घास घेतला, छोटा. तिसरा घेतलाच नाही. चमचा ताटलीत ठेवला, बाटली उचलली, तिच्यावरच्या कागदावरून अंगठा फिरवला. ती नीट फिरवत होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, त्यानंच तिला कधी तरी दाखवलं होतं तसं.

"लेबल तेच हाय," ती म्हणाली. "माल कुटला?"

त्यानं ताटली तिच्याकडं जरा सरकवली.

"मी काय इचारती? माल कुटला भरलाय ह्यात?"

"तिकडचाच हाय. त्याच्यासारखा."

"सारखा." अनसूयेनं बाटली स्टुलावर ठेवली. तिच्या गालांवर, डोळ्यांखालच्या त्या करड्या खळग्यांत, काही तरी हललं. "जगाचा माल मागारी धाडला तुमी. बारक्या डागापायी माणसांच्या पोटावर पाय दिला, तवा म्हणायचा, अनू, सारखं म्हंजी ते न्हवं. आन् मला सेकंड घालताय व्हय? माज्या तोंडाला चव न्हाय म्हणून काय बी भरून द्याचं? मला कळत न्हाय असं वाटलं तुमाला?"

एवढं लांब ती कित्येक आठवड्यांत बोलली नव्हती. धाप लागली. तिनं धाप लागत असतानाच चमचा उचलला, घास घेतला आणि चावून गिळला. कण्या चावाव्या लागत नाहीत. ती चावत होती. एकनाथ तिच्या जबड्याकडं पाहत राहिला. माफी त्याच्या ओठांपर्यंत आली होती, सगळी तयार, भार्गवीचं काय झालं, बोटभर उरलेलं कसं घालवलं, सगळं सांगून मोकळं व्हायचं. ते सांगितलं असतं तर ती निवली असती. निवली की तिचा चमचा खाली जाणार होता. हे त्याला लख्ख दिसलं, दिव्याच्या टेबलावर कापडातलं छिद्र दिसावं तसं.

त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजून थांबला. त्यानं काढून पाहिलं. भार्गवीचा निरोप होता. बाबा, मी आज जाऊन तीच बाटली घेते. मिळेल तेवढ्या घेते आणि पाठवते. दिग्विजयला कळू देऊ नका. आईला सांगा मी.

पुढचं वाक्य अर्धंच होतं. लिहिता लिहिता तिनं तसंच पाठवलं असावं.

"काय म्हणती?" अनसूयेनं विचारलं. तिचा चमचा ताटलीच्या काठावर थांबला होता.

बाटल्या पोचायला किती दिवस लागतील कोण जाणे. काटा सोमवारी होता. एकनाथनं फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"म्हणती," तो म्हणाला, "आईला आता चव कुटं कळतीया. काय बी द्या."

अनसूयेनं त्याच्याकडं पाहिलं. "आसं म्हणाली? भार्गवी?"

"व्हय."

"आन् तुमी ऐकून घेतलं."

"काय करू मग."

"काय करू," ती म्हणाली. "काय करू म्हणतोय माणूस." तिनं घास घेतला. "मी जिती हाय अजून. तिला म्हणावं, ये हितं. ये आन् बस माज्यापुढं." घास. "नऊ महिनं न्हाय, बावीस वर्सं चव लावली हिच्या जिभंला मी. शेंगांची आमटी करून घातली हिच्या त्या नवऱ्याला, त्यानं वर लाल लावलं, मी हूं न्हाय का चूं न्हाय." आणखी घास. ओठाच्या कडेला ताक आलं होतं, ते तिनं मनगटानं पुसलं. त्यानं पोरीच्या तोंडी घातलेली ती एक ओळ तिच्या आत शिरली होती आणि काम करत होती, आणि एकनाथच्या तळहाताची खाज थांबली होती. ती थांबली याचीच त्याला भीती वाटली. उद्या सकाळी परत जेवण होतं. उद्या संध्याकाळीही. उद्या काय म्हणाली म्हणायचं पोरगी, आणि जावई काय म्हणाला म्हणायचं, ते त्याला आता बसून ठरवावं लागणार होतं, आणि बाटल्या येतील तेव्हा त्यांचं काय सांगायचं, तेही.

ताटलीचा तळ दिसला. अनसूयेनं ती पुढं सरकवली.

"वाढा," ती म्हणाली. "आन् ती बाटली उचला माज्या म्होरनं. बघवत न्हाय मला."

एकनाथ उठला. पातेल्यातल्या उरलेल्या कण्या त्यानं ताटलीत घातल्या, वर ताक घातलं आणि ताटली तिच्या पुढ्यात ठेवली. बाटली त्यानं उचलली नाही. तिचं लेबल तिच्या बाजूला येईल अशी थोडी फिरवली आणि परत तिथंच ठेवली.